सेकंड शिफ्टची इन्चार्ज

८ जुलै, मंगळ.
देशमाने सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सेकंड शिफ्टला इन्चार्ज हवाय, तुमचं नाव आहे म्हणाले. सात वर्षं क्वालिटीत घासली, आज कुणीतरी नाव घेतलं. आणि मी काय बोलले? "घरी विचारून सांगते, सर." कुणी विचारलं होतं घरचं? सहलीला नाव देतानाही आम्ही बायका हेच म्हणतो, तसंच तोंडातून गेलं.

९ जुलै
नितीन म्हणाला, "मला काय विचारतेस? स्वराचा अभ्यास मी घेईन." तो तळवड्याहून सहाला घरी येतो, जमेल. सासूबाई म्हणाल्या, "रात्री बारापर्यंत जेवायचं थांबायचं का मग?" नका थांबू म्हटलं. थांबणार, माहितीये.

१० गुरु. सुट्टी
रात्रीची कंपनी बस चिखलीत चौकापर्यंतच. पुढे दहा मिनिटं पायी. नि. घ्यायला येईल. तो आजारी पडला तर? तरी उद्या हो सांगायचं.

११ शुक्र.
एचआरच्या पूनमने स्क्रीन दाखवली. माझ्या नावापुढे 'इच्छुक नाही'. खाली ओंकारचं नाव. त्याला माप घ्यायचं गेज धरायला मीच शिकवलं!
सर म्हणतात, "घरी विचारते म्हणालात, तेव्हाच समजलो. तुम्हाला अवघड वाटायला नको म्हणून." वर माझ्यावरच उपकार.
ओंकार म्हणाला, "ताई, मला खरंच माहीत नव्हतं." पोरगा वाईट नाही. त्याला घरचं कुणी विचारलेलं नाही, एवढंच.

१२ शनि.
मेल टाकला. 'मी इच्छुक आहे.' तीन शब्दांना पाऊण तास.
सर: "ठीक. सोमवारी संमतीपत्र द्या. मिस्टरांची पण सही घ्या."
फॉर्मवर सहीची जागा एकच. बाईची स्वतःची.

१३ रवि.
नि.ने पेन काढलं. "आण, करतो सही. विषय संपव." फॉर्म दिला नाही. चिडला. "माझी सही काय विषारी आहे?"
तो करेल, चांगला आहे म्हणून. माझ्यामागून येणाऱ्या पोरीचा नवरा चांगला नसला तर?

१४ सोम.
एकट्या माझ्या सहीचा फॉर्म दिला. सरांनी उलटून पाहिला. "मिस्टरांची?"
"कामाला मी येणारे, सर."
"बघतो." बुधवारी कळेल, असं पूनम म्हणते. डब्यात काय होतं आठवत नाही.
तीनला सेकंड शिफ्ट आत आली, वीसेक जण. गेटपाशी थांबून एकेकाचं नाव मनात म्हणून पाहिलं. दोघांची येईनात. पुढे होऊन विचारून घेतली.