डब्यातलं शून्य

प्रिय अक्का,

आज जुईच्या गणिताच्या पेपरात एक फुली आली. ती फुली माझी आहे, म्हणून हे पत्र. मी सांगतेय, जुई लिहितेय. अक्षरं तुझ्याकडे होती, माझ्याकडे नुसतं तोंड.

जुई नात माझी, पण अभ्यासाला तुझ्याकडे. मी तिच्यासाठी घावणे काढायचे आणि ही एका हाताने घावण खात तुझ्या मांडीला टेकून आकडे मांडायची. थोरली जाऊ म्हणून घरातला मान तुझा, ते मी सोसलं. नातही तुझीच का गं?

आणि तुझा तो बिस्किटांचा डबा! जुनं कॅलेंडर कापून केलेले आकडे. एक ते नऊ सरळ मिळाले, पण शून्य कॅलेंडरात एकटं कुठे असतं? तू तीस तारीख मधोमध कापलीस आणि तीन टाकून दिलास.

एकदा मीही बसले. "धाकटे, यातली सगळ्यात मोठी संख्या मांड," म्हणालीस. मी लाल चार सगळ्यांच्या पुढे ठेवला. रविवार मोठाच ना, सगळे घरी असतात. तुम्ही दोघी हसून हसून लोळलात. मीही हसले. मग आत जाऊन कणीक अशी तिंबली की त्या दिवशीच्या चपात्या तू वाखाणल्यास.

तू गेलीस, तरी ही पोरगी डबा उघडला की म्हणते, "मोठी आजी असं सांगायची." मेलेल्या बाईशी भांडायचं कसं? म्हणून गेल्या महिन्यात मी त्यातलं शून्य काढलं. गोल ओळखायला शाळा लागत नाही. माझ्या मिशरीच्या डबीत लपवलं.

बघ, जुई लिहायची थांबली. लिही गं बाय.

शून्याशिवायच हिने सराव केला. पेपरात आले चार, शून्य, सात, दोन, नऊ. मोठी संख्या बरोबर मांडली, नऊपासून उतरत. लहान संख्येत मात्र शून्य पहिलं ठेवलं. बाई म्हणाल्या, शून्य पुढे आलं की पाच आकडी संख्या चार आकडीच उरते. तू तिला दहादा सांगितलं असतंस, "आधी दोन, त्याच्या पाठीला शून्य."

आत्ता जुई काय म्हणाली ऐक. "आजी, मला वाटलं मोठ्या आजीच्या हातचं शून्य मीच हरवलं." महिनाभर पोर हे मनात घेऊन झोपत होती. माझ्या जळण्यापायी.

शून्य दिलं परत. हुंगून म्हणते, "ई, मिशरीचा वास येतोय."

शब्द देते अक्का, यापुढे डबा उघडला की मी शेजारी बसेन आणि तुझं नाव निघालं की गप्प ऐकेन. नाक मुरडेन कधी, तेवढं चालवून घे. वास मात्र काढणार नाही. तुझ्या डब्यात थोडी मीही राहीन.

तुझी धाकटी
(सहीच्या जागी अंगठा. जुईने धरून उठवला.)