आबांचा साकव

कातळपाडा, ता. शहापूर
१२ नोव्हेंबर २०२५

ओमकारा,

काल दुपारी आबांचा साकव ओढ्यावर उभा राहिला! माझ्या शब्दावर जाऊ नकोस. महादूकाका भाताचं पोतं खांद्यावर घेऊन पार मुरबाडच्या काठाला गेले, येताना मधोमध थांबून दोन उड्या मारल्या आणि आबांचं नाव घेऊन म्हणाले, "कोंडूचाच हाय. हालत नाय."

घरी सगळे ठीक. भाताची झोडणी अर्धी झाली. आईचे गुडघे दुखतात, तरी बसत नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र दिपिकाच्या हाती देतेय. माझी मैत्रीण, ती आता तुझ्याकडे वाशिंदला कामाला जाते.

तू असायला हवा होतास. आबांनी अठरा वर्षं फौजेत पूल बांधले, एकाहत्तरच्या लढाईतसुद्धा, आणि घरी येऊन उरलेलं आयुष्य सुतारकी केली. तालुक्यात किती दारं, किती पाळणे त्यांच्या हातचे! पण खरा जीव या साकवात. दिवाळी सरली की लावायचा, मे संपता संपता फळ्या काढून माळ्यावर. एक खिळा नाही, सगळ्या खुंट्या. एकोणीस फळ्या, प्रत्येकीच्या पोटाला पटाशीने पाडलेल्या नंबराच्या खाचा. कुणी विचारलं की साकव कुठल्या तालुक्याचा, तर म्हणायचे, "हिकडं शहापूर, तिकडं मुरबाड. मधी सरकार नाय, मी हाय."

आमच्या मात्र दोन दिवस फळ्या बसेनात. पहिली आपल्या काठाला लावली, तर पुढची प्रत्येक बोटभर तिरकी. पलीकडे ठकीआजी दगडावर बसून मजा बघत होत्या. शेवटी त्यांनाच राहवेना. "अगो भूमिका, मोजणी हिकडनं! पोरां हिकडनं शालंत जातात ना?"

शाळा आपल्या बाजूला, पोरं त्यांच्या बाजूची. आबा पोरांच्या पहिल्या पावलापासून मोजायचे. उलटं लावलं आणि फळ्या खटाखट बसत गेल्या. त्या आनंदात माझ्या हातातली खुंट्या ठोकायची मोगरी ओढ्यात गेली आणि काकांनी मला घातलेल्या शिव्या दोन्ही तालुक्यांनी ऐकल्या.

सात, आठ आणि नऊ नंबरच्या फळ्या नव्या आहेत. ऐनाच्या लाकडाच्या. रंधा मी मारला, हाताला फोड आलेत.

पानभर लिहून झालं आणि मी अजून इथेच घुटमळतेय.

गेल्या वर्षी बाबांनी माळ्यावर फळ्या मोजल्या तर सोळाच निघाल्या. तू नुकती मोटारसायकल घेतली होतीस. बाबांनी सगळ्या पाड्यासमोर तुला विचारलं, सागाच्या फळ्या कुणाला विकल्यास, आणि थोबाडीत मारली. "मी नाय नेल्या," एवढंच तू म्हणालास आणि माझ्याकडे बघितलंस.

त्या मी जाळल्या, ओमकार. आबांच्या तेराव्याला. पाऊस धरून होता, सरपण भिजलेलं, शंभर माणसांचा भात चुलीवर अर्धाकच्चा. माळ्यावर चढले, अंधारात हाताला आलं ते ओढलं. तिसरी फळी चुलीत सारताना खाचा दिसल्या. नऊ होत्या. तोवर तिने पेट घेतला होता. आबांच्या तेराव्याला आबांचाच साकव जाळला, असं कुणाला सांगू?

अंगणात तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी खाली बघितलं.

सोळा फळ्यांचा साकव लागत नाही. वर्षभर पलीकडची पोरं तीन किलोमीटर वळसा घालून शाळेत आली. तू तर त्या दिवसापासून घरी आलाच नाहीस.

रविवारी सकाळी नऊला दोन्ही काठांची माणसं जमणार आहेत. ठकीआजी नारळ फोडतील, मग पोरं चालतील. त्याआधी मी बोलणार आहे, बाबांनी तुला विचारलं होतं तेवढ्याच मोठ्याने. बाबांना अजून काही ठाऊक नाही. ते काय करतील, मला सांगता येत नाही. तू ये किंवा येऊ नकोस, मी बोलणारच. पण ते तुझ्या कानांनी ऐकावंस असं फार वाटतं.

अजून तुझी म्हणवून घ्यायला धजते ती,
भूमिकाताई