पाचव्या रांगेतला ‘वा’

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा खुर्च्या व सोफे दुरुस्ती, आज सकाळी चहा पिऊन, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली नव्हे तर केवळ मुलीच्या कटकटीला कंटाळून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि बाईंचा पुढचा कार्यक्रम किती दिवसांवर आला तेही सांगितलं. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

या कागदात ‘बाई’ हा शब्द जिथे येईल तिथे गाणाऱ्या बाई समजाव्यात. माझी पत्नी हयात होती तेव्हाही घरात हीच पद्धत होती. ती ‘ही’ आणि बाई म्हणजे बाई. तिची काही तक्रार नव्हती, कारण बाईंचं पहिलं तिकीट तिनेच काढलं होतं.

कलम १. राहतं घर माझ्या एकुलत्या एक मुलीचं. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी लागत नाही, ती खालून उचलून लावावी. जावईबापूंना पुढच्या खोलीतली डुगडुगणारी खुर्ची देत आहे. बाईंचं गाणं पहिल्यांदा ऐकून आल्यावर ते “बरं आहे” म्हणाले होते. त्या दिवसापासून ती खुर्ची मी मुद्दाम दुरुस्त केलेली नाही.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही मुलीचं. त्यातून तिने दर वर्षी बाईंच्या कार्यक्रमाचं एक तिकीट स्वतःसाठी काढावं. वेळ नाही, ही सबब चालणार नाही.

कलम ३. माझी हत्यारं, म्हणजे वाकडी सुई, कात्र्या, पट्टा ताणायची फळी आणि दोन्ही हातोड्या, शेजारच्या चपला शिवणाऱ्याला द्याव्यात. लहान हातोडीची मूठ त्यानेच मोडली आहे आणि तो ते कबूल करत नाही. तरी द्याव्यात. हात चांगला आहे त्याचा.

कलम ४. दुकानात भिंतीशी एकमेकींना जोडलेल्या तीन खुर्च्या आहेत, त्या विकू नयेत. त्यांची हकिगत सांगणं भाग आहे.

शहरातल्या नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्या सव्वीस वर्षं मी सांभाळल्या. स्प्रिंग बदलणं, काथ्या भरणं, फाटलेलं कापड शिवणं. कुठल्या खुर्चीत बसलं की गाणं अंगावर येतं हे मला व्यवस्थापकापेक्षा जास्त ठाऊक होतं. पाचवी रांग, सात, आठ आणि नऊ. सातवर माझा मित्र, तेव्हाचा पोस्टमन. आठवर मी. नऊवर आमच्या केमिस्टबाई, त्यांचं औषधांचं दुकान माझ्या समोरच आहे. पुढे नाट्यगृहात नव्या खुर्च्या आल्या तेव्हा या तीन मी हातगाडीवर घालून दुकानात आणल्या.

बाईंचे कार्यक्रम रविवारी दुपारचे असत. सोमवारी चार वाजता आम्ही तिघं या दुकानात जमत असू. नियम एकच. प्रत्येकाने आपलं मत आधी वहीत लिहायचं, तोवर अवाक्षर काढायचं नाही. कारण पहिल्या वर्षी केमिस्टबाई आधी बोलल्या होत्या आणि आम्ही दोघं मुकाट्याने त्यांचंच मत घेऊन घरी गेलो होतो. वही भरून वाचली की भांडण सुरू. माझं दोन पानांशिवाय भागत नसे. केमिस्टबाई नेमकं लिहीत: “दुसऱ्या गाण्यात आवाज बसलेला. तो त्यांनी लपवला नाही, वापरला.” पोस्टमन एकच ओळ लिही. एकदा त्याने लिहिलं होतं, “आज घरी जाताना रस्ता चुकलो.” ज्याने ते शहर चाळीस वर्षं दारोदार पायी तुडवलं, त्याने हे लिहिलं. दोन पानं लिहूनही मला बाई इतक्या कधी सांगता आल्या नाहीत.

आणि त्याची दाद! सभागृहात पोस्टमनचा ‘वा’ आला की लोक मान वळवत नसत, मान डोलवत. नेमक्या जागी पडायचा. क्वचित थोडा आधी. त्यावरून आम्ही त्याला चिडवायचो.

कलम ५. सदर वही केमिस्टबाईंकडे आहे आणि ती त्यांचीच आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात, म्हणून मी ती देत नाही, फक्त काढून घेत नाही.

कलम ६. माझ्या गल्ल्यामागच्या कप्प्यात एक कॅसेट आहे. ती पोस्टमनला द्यावी. हे कलम लिहिण्यासाठीच मी हा सगळा कागद लिहायला घेतला. घरदार काय, मुलीला नाहीतरी मिळालंच असतं.

एकोणीस वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाच्या शेवटी बाईंनी एक गाणं गायलं. मी त्याचं वर्णन करणार नाही, जमणारही नाही. शेवटच्या ओळीआधी त्यांनी आवाज इतका खाली आणला की हजार माणसं पुढे झुकली. माझ्या खुर्च्यांपैकी एकही करकरली नाही. आणि त्या शांततेत, ओळ यायच्या आधीच, पाचव्या रांगेतून दणदणीत ‘वा’ आला. बाईंनी आमच्या दिशेने पाहिलं, हात जोडले आणि पडदा पडला. ती ओळ त्यांनी गायलीच नाही. ते गाणं नंतर कधीच गायल्या नाहीत.

सगळ्यांनी पोस्टमनकडे पाहिलं. मीही पाहिलं.

सोमवारी मी वहीत लिहिलं, “एका अतिउत्साही श्रोत्याने सोन्यासारख्या गाण्याची माती केली.” केमिस्टबाईंनी लिहिलं, “आवाज आपल्या रांगेतला होता याची लाज वाटते.” पोस्टमनने बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं आणि लिहिलं, “बहुधा मीच. क्षमा असावी.”

तो ‘वा’ माझा होता.

मला हे तेव्हाच माहीत होतं का? संशय होता. पोस्टमनचंही तोंड उघडं होतं, माझंही. पण रेकॉर्डिंगला मनाई असल्यामुळे मी टेपरेकॉर्डर माझ्याच खुर्चीच्या पोटात, स्प्रिंगांच्या मधे बसवून वरून कापड शिवलं होतं. माझी खुर्ची, माझी शिलाई, मला कोण पकडणार, ही घमेंड. मंगळवारी मी कॅसेट लावली. आवाज माझाच. अगदी यंत्राच्या डोक्यावर पडलेला. दोघांना रेकॉर्डिंगचं ठाऊक होतं; त्यांना मी सांगितलं, फीत यंत्रात गुंतून तुटली.

त्या दिवसापासून पोस्टमनने दाद दिलेली नाही. कार्यक्रमाला येतो, सातवर बसतो, रुमालाची घडी ओठांवर धरून ठेवतो. बाईंनी गेल्या वर्षी असं काही गायलं की केमिस्टबाई रडल्या. याने रुमाल हलवला नाही. एकोणीस वर्षं मी शेजारी बसून ते बघतो आहे. मला लाज वाटते हे लिहून पुरत नाही, पण लिहितो.

अजून एक आहे, आणि ते जास्त वाईट आहे. माझ्या ‘वा’नंतर टाळ्या सुरू व्हायच्या आधी, कॅसेटवर बाईंचा आवाज आहे. अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखा. सगळे पोस्टमनकडे बघत होते, त्यामुळे सभागृहात कुणाला ऐकू गेला नसावा, मलाही गेला नव्हता. त्या म्हणतात, “पोचलं.”

म्हणजे गाण्याची माती झालीच नव्हती. बाईंच्या लेखी ते पुरं झालं होतं. हे मला एकट्याला ठाऊक होतं आणि मी ते कप्प्यात ठेवून कुलूप लावलं, कारण ‘पोचलं’ ऐकवायचं तर आधीचा ‘वा’ही ऐकवावा लागला असता.

तरी पोस्टमनने ही कॅसेट घ्यावी, आठ नंबरच्या खुर्चीत बसून ऐकावी आणि मला हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात. उत्तर द्यायला मी नसेन, हाच काय तो माझा फायदा.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून सही करीत आहे. साक्षीदारांनी फक्त माझी सही पाहावी, मजकूर वाचू नये. केमिस्टबाई वाचणार हे मला माहीत आहे.

स्थळ: माझं दुकान.
दिनांक: १२ मार्च, गुरुवार.
(सही) खुर्च्यावाला

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. मजकूर वाचलेला नाही.

साक्षीदार २: (सही) केमिस्टबाई. मजकूर वाचला. कलम सहा भित्रेपणाचं आहे. मेल्यावर माफी मागणं म्हणजे दुकान बंद करून गिऱ्हाइकाला बोलावणं. मी पोस्टमनना रविवारी चार वाजता इथे यायला सांगितलं आहे. टेपरेकॉर्डर चालू स्थितीत ठेवावा.

पुरवणी

मी, वरील सही करणार, अजूनही शुद्धीत, कलम ६ रद्द करीत आहे. कारण, सदर वस्तू हयातीतच दिली.

पोस्टमन आला. आठ नंबरवर बसवला तेव्हा म्हणाला, ही तुझी जागा. मी म्हटलं, आज बस. कॅसेट लावली. माझं तोंड भिंतीकडे होतं. ‘वा’ आला. मग “पोचलं” आलं. टाळ्या संपल्या, फीत नुसतीच फिरत राहिली. मग तो बोलला.

“चाळीस वर्षांत मी एकाचंही पत्र दाबून ठेवलं नाही. आणि तू माझं एकोणीस वर्षं ठेवलंस.”

केमिस्टबाई वहीवर पेन ठेवून बसल्या होत्या. मला वाटलं, आता हा उठून जाणार, आणि गेला तर बरोबरच आहे. तो उठलाही. पण दाराकडे गेला नाही. फीत स्वतःच्या हाताने मागे घेतली आणि पुन्हा बसला. बाई गाऊ लागल्या. खाली, आणखी खाली. माझा ‘वा’ आला, त्याने हात वर करून मला गप्प केलं, जणू मी आत्ताच ओरडलो होतो. मग बाई म्हणाल्या, “पोचलं.”

त्याने खिशातला रुमाल काढला, डोळे पुसले, आणि त्यानंतर, टाळ्यांच्या आधी, नेमक्या जागी, हळूच म्हणाला, “वा.”

बाकी मृत्युपत्र जसंच्या तसं कायम. कॅसेट तो घेऊन गेला. माझ्याशी अजून बोलत नाही, पण बाईंच्या पुढच्या कार्यक्रमाची तीन तिकिटं त्यानेच काढली आहेत.

स्थळ: तेच.
दिनांक: १५ मार्च, रविवार.
(सही) खुर्च्यावाला
साक्षीदार: (सही) केमिस्टबाई. (सही) डॉक्टर, या वेळी वाचून.