पिल्लू बाहेर येईपर्यंत घर विकायचं नाही

मी, सोनुबाई यल्लाप्पा शिंगे, वय बावन्न, धंदा मासेविक्री, राहणार शहापूर, बेळगाव, स्वखुशीने लिहून ठेवते की माझी अक्कल ठिकाणावर आहे आणि मला कोणी दमदाटी केलेली नाही. दम देणारा अजून जन्मायचाय. शाळा तिसरीपर्यंत झाली, म्हणून वकिलांनी शुद्धलेखन बघावं, मजकुराला हात लावू नये. सोमवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात साधी आहे. असेल. पण घरात एक जीव आहे, त्याची सोय लावल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही.

१. दोन खोल्यांचं राहतं घर भाऊ सत्याप्पाची मुलगी सुनयना हिला द्यावं. ती कारवारला माशांचं शिकते. सत्याप्पाने हक्क सांगू नये. परवा निपाणीहून आला, मागच्या खोलीत डोकावला आणि म्हणाला, "आक्का, घराला गिऱ्हाईक आणलंय. त्यो फ्रिज काढ, लई वास मारतोय." वास फ्रिजला नव्हता, गिऱ्हाइकाला होता.

२. तो फ्रिज थंड पेयांच्या बाटल्यांचा, काचेच्या दाराचा. आत समुद्राच्या पाण्याचा टब, हवेचा पंप, आणि चार शिंगांची काळी चामडी थैली. ते खोल पाण्यातल्या पाकटाचं, म्हणजे चपट्या, लांब शेपटीच्या माशाचं अंडं आहे. आपल्या बाजारातलं पाकट काठचं, पिल्लं पोटात वाढवतं. हे दुसरं. ऊन पोचत नाही अशा गार अंधारात चिखलावर चादरीसारखं पसरतं, खेकडे-कोळंबी खातं, अंडी तळाशी ठेवून चालतं होतं. अंडं फुटायला वर्ष, कधी जास्तही. पिल्लू वयात यायला आणखी कितीतरी वर्षं. म्हणून जाळ्याने एकदा उपसलं की लवकर भरून येत नाही. हे सगळं सुनयनाचं ज्ञान. माझं काम फ्रिज चालू ठेवणं.

३. गेल्या वर्षीच्या दिवाळीत ट्रॉलरच्या कोळंबीतून ही थैली आणि पाकट दोन्ही आली. पाकट मेलेलं होतं. दिसलं की आधी शेपूट तोडायची, ही आमच्या बाजाराची रीत, कारण काठच्या पाकटाला विषारी काटा असतो. शेजारच्या गाळ्यावरच्या मालुबाईने कोयता घातला आणि शेपूट कुत्र्याला टाकली.

सुट्टीला आलेली सुनयना ओरडली, "मालुमावशी, ह्येला विषाचा काटाच न्हाय! शेपटीवरच्या बारक्या परांवरनं तर ह्येची जात कळती!"

"जात इचारून मासा कोण खातंय गं, पोरी?"

बाजार हसला. पोरगी रडली. आता पिल्लू शेपटीसकट निघेल तेव्हाच जात कळायची. थैलीच्या मागून टॉर्च धरली की ते आत वळवळतं.

४. बाजारातला गाळा बर्फवाला दीपंकर याला द्यावा. अट एकच: वीज गेली की त्याने बर्फ पोचवावा. बर्फ पिशवीत घालून पाण्यात सोडावा. नुसता टाकला तर खारं पाणी गोडं होईल आणि पिल्लू मरेल.

५. सत्याप्पाला माझी स्कूटर. तिच्यावरून त्याने स्थळं शोधत हिंडू नये. सुनयना लग्न करील तर स्वतःच्या सवडीने.

६. अंडं फुटेपर्यंत घर विकू नये, भाड्याने देऊ नये, रंगवूही नये. रंगाचा वास पिल्लाला चालेल की नाही ते कोणालाच माहीत नाही. पुढे पिल्लाचं काय करायचं ते सुनयना ठरवेल.

७. मालुबाईला काही नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणाले, म्हणून तिलाच साक्षीला बोलावलं.

हे तिला वाचून दाखवल्यावर ती जे बोलली ते तिने लिहायलाच लावलं: "सोने, तू दवाखान्यात असस्तोवर फ्रिजपाशी मी निजते. पर तू मेलीस तर ही सही माझी न्हाय म्हणून कोर्टात सांगीन. मग घर कुणाचं आनि अंडं कुणाचं, बस बोंबलत. त्यापरास गुमान माघारी ये."

सही: सोनुबाई यल्लाप्पा शिंगे
साक्षीदार: १. मालुबाई (सही, डोळे पुसून) २. गुणाबाई, शेजारीण (अंगठा)
ठिकाण: शहापूर, बेळगाव
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५