कोवळं ऊन

मंगळवार, १० फेब्रुवारी. संध्याकाळ.

आज पहिल्यांदाच सुनेबरोबर, सायलीबरोबर, दवाखान्यात गेले. तिला ल्यूपस आहे, म्हणजे शरीर आपल्याच सांध्यांवर, कातडीवर उलटतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "गोळ्यांशिवाय घरी काय काळजी घेता?" मी तोऱ्यात सांगितलं, "रोज सकाळी तासभर चाळीच्या गच्चीवर उन्हात बसवते. तिळाचं तेल चोळते. माझ्या आईचे गुडघे असेच सुटले."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काकू, उन्हानेच हा आजार भडकतो. सायलीला मी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

महिनाभर! मी, माझ्या हातांनी, महिनाभर!

बाहेर आल्यावर उलट तिलाच झापलं, "तुला तोंड नव्हतं?" ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं होतं, आई. तुम्ही म्हणालात, कोवळ्या उन्हाने कोणी मेलंय का? गोरं राहायची थेरं आहेत ही."

असं म्हणाले असेन मी? म्हणालेच. ती छत्री घेऊन गच्चीवर आली होती, तर चाळ हसेल म्हणून मीच काढून घेतली. ती छत्री.

परळला घरी आल्या आल्या तीच शोधली. दारावरच्या उंच खिळ्याला, मी अडकवली तिथेच आहे. क्षणभर रागच आला, एवढं होतं तर गुपचूप काढून घ्यायची ना!

कशी घेणार? सायलीचे हात खांद्याच्या वर जात नाहीत. तिची वेणी रोज मीच घालते.