आधी प्रवाशाने बोलावे

लिव्हरपूल, ११ मार्च १९०९

तीर्थरूप हॉरेसदादास धाकट्या ओबेडचा नमस्कार. प्रकृती कशी आहे हे विचारायचा रिवाज आहे म्हणून विचारतो. वास्तविक बोटीवरच्या सात दिवसांत तुझ्या पोटात काय टिकलं आणि काय नाही, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. (तसराळं मीच धरलं होतं.)

अकरा वर्षांपूर्वी तू मला अमेरिकेत तुझ्या बटणांच्या कारखान्यात बोलावलंस, तेव्हा 'मी कुणाची चाकरी करणार नाही, तुझी तर नाहीच' असं बाणेदार उत्तर मी धाडलं होतं. मग तुझं पत्र नाही, माझंही नाही. आणि गेल्या आठवड्यात न्यूयॉर्कला पहिल्या वर्गाच्या केबिनचं दार उघडतो, तर आत तू, आणि दारात पांढऱ्या कोटातला स्ट्यूअर्ड मी! (कोटाची बटणंही बहुधा तुझीच.) आमचा नियम असा, की प्रवासी बोलल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही. तू बोलला नाहीस. मीही 'सर, सर' करत तुझ्या पायांवर शाल पांघरत राहिलो, अकराच्या ठोक्याला सूप आणत राहिलो. खरं सांगू? नियम हा बहाणा होता. मला लाज वाटत होती.

पाचव्या दिवशी डेकवर कॉर्नेलियावहिनींनी (बाई लाखात एक आहे, दादा) मला विचारलं, "घरचं कुणी आहे की नाही रे तुला?"

"एक भाऊ आहे, मॅडम. अमेरिकेत असतो."

"मग भेटतोस की नाही त्याला?"

"फार कामात असतो तो, मॅडम."

तू वर्तमानपत्राआड बसला होतास. कागद थरथरला. वाटलं, आता बोलशील. तू म्हणालास, "सूप गार झालंय." दादा, त्यातून वाफा निघत होत्या! 'नाही रे, गरम आहे' एवढंच म्हणायला हवं होतं मी. त्याऐवजी "माफ करा, सर" म्हणून वाडगा उचलला आणि आत जाऊन रडलो. ती चुटपुट अजून जात नाही.

काल उतरताना सगळ्यांनी बक्षिसी दिली, तू दिली नाहीस. बरोबरीचे स्ट्यूअर्ड म्हणाले, "तुझा साहेब कवडीचुंबक निघाला की रे!" मला मात्र फार बरं वाटलं. भावाला कुणी बक्षिसी देतं का? म्हणजे ओळखलं होतंस तू.

तुझा,
ओबेड

ता. क. वहिनींनी जाता जाता एक सोन्याचं नाणं हातात कोंबलं आणि म्हणाल्या, "भावाला पत्र लिही हो." तेव्हा हे लिहायची बुद्धी माझी नव्हे. (नाणं ठेवून घेतलं आहे.)

पुन्हा ता. क. परतीला तुम्ही याच बोटीने आहात. तुमच्या केबिनचं काम मी मागून घेतलं आहे. पहिल्याच दिवशी घंटा वाजव. काही मागवू नकोस.