दुसरी तार

नौपाडा, ठाणे
सोमवार

प्रिय पामेला,

तुझ्या फोटोबद्दल अभिनंदन करायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, तीन आठवडे मी ते शिताफीने टाळलं. आकाश मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी नुसता अंगठा दाखवला. तोही दुसऱ्या दिवशी.

मृगातला तेजोमेघ, तो कोपरच्या गच्चीवरून. शेजारी पाण्याची टाकी, दोरीवर तुझ्या ज्यूडचे बनियन, आणि कॅमेरा कुठला, तर तुझी टान्या लहानपणी मस्कतच्या मावशीशी बोलायची तो जुनापुराणा वेबकॅम. माझ्याकडे परदेशातून मागवलेला, स्वतःला गार ठेवणारा कॅमेरा आहे. त्यातून मला आजवर समोरच्या साडीच्या दुकानाचा उजेड फार सुंदर मिळाला. आनंद जेवताना म्हणाला, पामेला कसं करते ते विचार ना एकदा. त्या रात्री त्याच्या आमटीत मीठ जास्त पडलं. बायको असून नवऱ्याचं ऐकलं नाही असं नको व्हायला, म्हणून विचारायचं मात्र मनात ठेवलं.

हे जळणं आजचं नाही गं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आपण दोघी कामाला होतो तेव्हाही बंद पडलेली उपकरणं मी चालू करायचे आणि मुलं थँक्यू तुला म्हणायची. तू काही लबाडी करून लोकांना आवडत असतीस तर मला सोपं गेलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत तू वेबकॅम घेऊन माझ्याकडे आलीस. भिंग काढून तिथे फोटोच्या रिळाची काळी डबी चिकटवलेली, कारण ती दुर्बिणीच्या तोंडात नेमकी बसते. हे तुला सुचलं, मला नाही. म्हणालीस, सोल्डरिंग तूच कर गो, माझा हात थरथरतो. कागदावर दोन तारा दाखवल्या होत्या. पहिलीने वेबकॅमचा डोळा मिनिटभर उघडा राहणार होता. दुसरीने तेवढा वेळ त्याच्या आतला अॅम्प्लिफायर बंद राहणार होता, नाहीतर त्याची स्वतःचीच धग चित्रात उतरते. चिपचा मोहरीहून बारीक पाय उचलून मी पहिली तार जोडली. तेवढ्यात चकली मोडता मोडता तू सांगितलंस, मंडळाच्या यंदाच्या प्रदर्शनात मधली भिंत भगवानकाकांनी तुला दिली आहे. सहा वर्षं ती भिंत माझी होती. मग आपण चहा घेतला आणि तू गेलीस.

आता तुझ्या फोटोच्या डाव्या कोपऱ्यात जांभळट धूसर काहीतरी आहे. भगवानकाकांनी त्याला 'कोपरचा जांभळा मेघ' असं नावही देऊन टाकलं. रविवारी उद्घाटनाला पुण्याहून जे प्राध्यापक येताहेत हा मेघच नव्हे, हे ते एका नजरेत ओळखतील आणि माइकवर सांगतील. तीन आठवडे मी हा प्रसंग मनात रंगवत होते, अगदी तुझ्या साडीच्या रंगासकट.

काल तू कृत्तिकांचा फोटो पाठवलास. आकाशाचा भाग दुसरा, तरी त्यातही तोच कोपरा, तोच मेघ. आणि भिंतीवर लावायच्या पाटीचा मजकूर, त्यात तुझ्या नावाखाली तू लिहिलंयस, 'सोल्डरिंग: श्रिया'. पामेला, दुसरी तार मी जोडलीच नाही. हाताशी होती, वेळही होता. गुरुवारी वेबकॅम घेऊन ये, जोडून देते. पण रविवारच्या फोटोसाठी एवढं आजच कर: दुर्बिणीला झाकण लावून तितक्याच वेळाचं एक चित्र घे. त्यात एकही तारा नसेल, फक्त माझी करामत असेल. ती तुझ्या फोटोतून वजा कर, उरेल ते सगळं तुझं. पाटीवरून माझं नाव काढलंस तरी चालेल. फक्त एक गोष्ट अजून सहन होत नाही: माझ्या लबाडीलासुद्धा टाळ्या पडल्या, त्याही तुझ्या नावावर.

जळते तरीही तुझीच,
श्रिया